तबकडीची मर्यादा आणि चित्रांचे संक्षेपण

एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा कुटुंबाकडे जुन्या चित्रफितींचा मोठा संग्रह असतो. त्यात विवाहसमारंभ असतात, व्याख्याने असतात, क्वचित एखाद्या वृद्ध गायकाची अखेरची मैफलही असते. चुंबकीय फिती कालांतराने खराब होतात आणि त्या दाखवणारी यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. म्हणून हा सारा संग्रह थोड्या तबकड्यांवर उतरवून ठेवावा, असा विचार स्वाभाविकपणेच मनात येतो. तेव्हा प्रश्न पडतो तो असा : चित्रांचा दर्जा कमी न होऊ देता एका तबकडीवर किती चित्रण मावू शकेल? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी प्रथम थोडे अंकगणित करावे लागेल.

सामान्य डीव्हीडी ही १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची तबकडी होय. १९९५ साली तिचे स्वरूप निश्चित झाले व पुढील वर्षी ती जपानमध्ये विक्रीस आली. तिच्या एका थरावर ४७० कोटी बाइट, म्हणजे ३,७६० कोटी बिट, एवढी माहिती मावते. संगणक पुष्कळदा हजाराऐवजी १,०२४ च्या पटीत मोजणी करतो. त्यामुळे हीच तबकडी संगणकावर ४.७ ऐवजी ४.३७ गिगाबाइटांची दिसते. यात फसवणूक काही नाही. भेद आहे तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतील.

आता चित्रांकडे वळू. भारतात रूढ असलेल्या दूरचित्रवाणी-पद्धतीनुसार डीव्हीडीवरील प्रत्येक चित्र आडवे ७२० व उभे ५७६ बिंदू मिळून बनलेले असते, आणि दर सेकंदास अशी २५ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट खर्च केले, तर एका सेकंदास सुमारे ३ कोटी ११ लक्ष बाइट लागतील. या हिशेबाने सबंध तबकडी अवघ्या अडीच मिनिटांत भरून जाईल. प्रत्यक्षात मात्र तीवर दोन तासांचा चित्रपट सुखाने मावतो. हा चमत्कार संक्षेपणाच्या शास्त्राने घडवून आणला आहे.

संक्षेपणाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावा. पहिल्या प्रकारात मूळ माहिती जशीच्या तशी, एकाही बिटाचा फरक न पडता, परत मिळवता येते. अशा संक्षेपणाला किती वाव आहे याचा सिद्धान्त क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडला. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्या चिन्हांना लांब संकेत द्यावेत, ही कल्पना डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली एका सुटसुटीत रीतीत बसवली. परंतु चालत्या चित्रांच्या बाबतीत केवळ या मार्गाने गेल्यास आकार साधारणतः निम्मा किंवा एक तृतीयांश होतो, त्याहून फारसा खाली जात नाही. दुसऱ्या प्रकारात डोळ्याला जे जाणवत नाही ते कायमचे टाकून दिले जाते. डीव्हीडीवरील चित्रपट या दुसऱ्या प्रकाराने मावतो. म्हणून ‘दर्जा न गमावता’ या शब्दांचा अर्थ ‘काहीच न गमावता’ असा घ्यावयाचा की ‘डोळ्याला कळेल असे काही न गमावता’ असा, हे आधी ठरवले पाहिजे.

टाकून देण्याची सुरुवात रंगापासून होते. मानवी डोळा प्रकाशाच्या कमी-अधिकपणाचे बारकावे फार चांगले टिपतो. रंगांचे बारकावे मात्र तितके टिपत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूचा उजेड स्वतंत्रपणे नोंदवतात आणि रंगाची नोंद चार बिंदूंच्या गटास एकच ठेवतात. एवढ्यानेच माहिती निम्मी होते, आणि अडीच मिनिटांच्या जागी पाच मिनिटांचे चित्रण मावू लागते.

दुसरी पायरी अधिक खोल आहे आणि तिच्याशी भारताचा निकटचा संबंध आहे. बंगलोर येथे जन्मलेले व तेथेच अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले नासिर अहमद पुढे अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत होते. एका विशिष्ट गणिती रूपांतराचा अभ्यास करण्यासाठी १९७२ साली त्यांनी अनुदान मागितले. ते नाकारले गेले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासमवेत त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ते रूपांतर प्रसिद्ध केले. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘डीसीटी’ असे असून डीव्हीडीवरील चित्रांप्रमाणेच छायाचित्रांच्या ‘जेपेग’ पद्धतीचाही तोच पाया आहे.

त्यातील विचार असा. चित्राचे आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच असे लहान चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनात ६४ संख्या असतात. रूपांतरानंतरही ६४ संख्याच उरतात. पण पहिली संख्या त्या चौकोनाची सरासरी उजळता सांगते आणि पुढील संख्या उत्तरोत्तर सूक्ष्म होत जाणारे चढउतार सांगतात. आकाश, भिंत, वस्त्र, चेहरा अशा बहुतेक दृश्यांत या पुढच्या संख्या अगदी लहान येतात. मग प्रत्येक संख्येस ठरावीक भाजकाने भागून जवळचा पूर्णांक घेतात. त्यामुळे पुष्कळ संख्या शून्य होतात, आणि शून्यांची लांबलचक रांग थोडक्या संकेतात लिहिता येते. खरे नुकसान घडते ते या भागाकाराच्या वेळी. भाजक लहान असेल तर ते नजरेत येत नाही. तो फार वाढवला की चित्रावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. एकदा शून्य झालेली संख्या पूर्वी किती होती, हे पुढे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

तिसरी पायरी काळाशी संबंधित आहे. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात जग फारसे बदलत नाही. वक्ता बोलत असता त्याचे ओठ व हात हलतात. मागची भिंत तशीच असते. म्हणून साधारणतः दर अर्ध्या सेकंदास एक चित्र पूर्णपणे नोंदवतात आणि मधल्या चित्रांत ‘मागील चित्राचा अमुक तुकडा तमुक दिशेला इतका सरकला’ एवढेच लिहून उरलेला फरक जोडतात. काही चित्रे तर मागील व पुढील अशा दोन्ही चित्रांच्या आधारे रचली जातात. या सर्व रीती एकत्र गुंफून १९८८ साली स्थापन झालेल्या ‘एमपेग’ या तज्ज्ञसमितीने आपली मानके तयार केली. त्यांपैकी दुसरे मानक डीव्हीडीने स्वीकारले.

आता मूळ प्रश्नाकडे परत येता येईल. तबकडीवरील ३,७६० कोटी बिट म्हणजे एक ठरलेले अंदाजपत्रक समजावे. त्यास चित्रणाच्या एकूण सेकंदांनी भागले की प्रत्येक सेकंदाच्या वाट्यास किती बिट येतात ते कळते. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. त्यांतील प्रत्येकास ध्वनी धरून सुमारे ५२ लक्ष बिट मिळतात. बहुतेक दृश्यांना एवढे पुरतात. डीव्हीडीत चित्रांसाठी जास्तीत जास्त ९८ लक्ष बिटांची मुभा आहे. सतत तेवढा खर्च केला तर तबकडी तासाभरातच संपेल. उलट त्याच तबकडीवर सहा तास बसवू पाहिल्यास प्रत्येक सेकंदास १७ लक्षांहून थोडे अधिक बिट मिळतील आणि नृत्य, पाऊस, वाहते पाणी यांसारख्या दृश्यांची दुर्दशा होईल.

हे अंदाजपत्रक शहाणपणाने वापरण्याचे काही मार्ग आहेत. पहिला म्हणजे सर्व सेकंदांना सारखा वाटा न देणे. संगणक प्रथम सर्व चित्रण एकदा तपासून कोणते दृश्य सोपे व कोणते अवघड याची नोंद करतो; दुसऱ्या फेरीत शांत दृश्यांतून वाचवलेले बिट धावपळीच्या दृश्यांना देतो. यास वेळ दुप्पट लागतो, परंतु त्याच आकारात दर्जा सुधारतो. दुसरा मार्ग मूळ फितीचा मगदूर ओळखण्याचा आहे. घरगुती व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील असतो. तिला ७२० बिंदूंची रुंदी देणे म्हणजे पावशेर धान्यासाठी पोते वापरणे होय. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बिंदूंच्या रुंदीचीही सोय आहे. ती वापरली तर सेकंदास सुमारे २६ लक्ष बिट देऊन चार तासांचे चित्रण बऱ्याच समाधानकारक रीतीने ठेवता येते.

तिसरा मार्ग नव्या संकेतनाचा. २००३ साली पूर्ण झालेले एच.२६४ हे मानक डीव्हीडीच्या मानकापेक्षा साधारणपणे निम्म्या बिटांत तोच दर्जा देते. सेकंदास १५ लक्ष बिट धरल्यास एका तबकडीवर जवळजवळ सात तास मावतात. मात्र अशी तबकडी संगणकाच्या फाइलींची झाली. केवळ नियमित डीव्हीडी वाचणाऱ्या जुन्या घरगुती यंत्रास ती कळत नाही. जागेची बचत हवी की कोठेही चालण्याची सोय, ही निवड ज्याची त्याने करावी.

दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. संक्षेपित चित्रणाच्या फाइली ‘झिप’ करून त्यांचा आकार आणखी घटेल, अशी अनेकांची समजूत असते. परंतु पिळून कोरडे केलेले वस्त्र पुन्हा पिळले तरी त्यातून पाणी निघत नाही. दुसरा गैरसमज असा, की तबकडीवर नक्कल केल्याने दर्जा घटतो. फाइल आहे तशी उतरवली तर प्रत व मूळ यांत एका बिटाचाही फरक राहत नाही. दर्जा घटतो तो पुन्हा नव्याने संक्षेपण केल्यामुळे. एकदा संक्षेपित झालेले चित्रण उलगडून पुन्हा आवळले की जुन्या दोषांवर नवे दोष चढतात. आणि हे दर वेळी घडते.

यावरून संग्राहकासाठी एक नियम निघतो. ज्या चित्रणाची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, त्याच्या बाबतीत तबकड्या वाचवू नयेत. डीव्ही पद्धतीच्या एका तासाच्या फितीतील माहिती सुमारे १,३०० कोटी बाइट भरते. ती तीन डीव्हीडींवर विभागून किंवा साठवणुकीच्या अन्य साधनावर जशीच्या तशी ठेवावी, आणि पाहण्यासाठी व वाटण्यासाठी वेगळी संक्षेपित प्रत करावी. लिहिता येण्याजोग्या तबकडीत रंगद्रव्याचा नाजूक थर असतो; ऊन आणि उष्णता यांनी तो बिघडतो. म्हणून एकाहून अधिक प्रती निरनिराळ्या जागी ठेवाव्यात, लिहिल्यानंतर त्या मुळाशी ताडून पाहाव्यात आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासाव्यात.

मैफलीत गायकाच्या मागे अंधारात बसलेला तानपुरावादक आज कोणास महत्त्वाचा वाटणार नाही. संक्षेपण करणारे यंत्रही त्या अंधाऱ्या कोपऱ्यास थोडकेच बिट देते. उद्या एखाद्या अभ्यासकास नेमका तोच चेहरा ओळखावयाचा असेल, तर त्यास मूळ प्रतीकडेच जावे लागेल, आणि ती आपण जपली असेल तरच त्याचे काम होईल.