पहिली आज्ञावली

सुरतेच्या ईशान्येस तापीकाठी वसलेले कामरेज कापडाच्या मुलखात आहे. यंत्रमागावर पोट भरण्यासाठी खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरत जिल्ह्यात स्थायिक झाली. अशा घरातील मुलास संगणकाची आज्ञावली म्हणजे काय हे सांगावयाचे असेल, तर दूर जाण्याचे कारण नाही. त्याला वेलबुट्टी विणणारा जकार्ड माग दाखवावा.

फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास ही योजना सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या पट्टीवर जेथे छिद्र असेल, तेथील ताण्याचा धागा उचलला जातो. जेथे नसेल, तेथील खालीच राहतो. छिद्र चुकीच्या जागी पडले तर माग थांबून विचारीत नाही. बिघडलेले फूल तितक्याच निष्ठेने विणतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या व पुढे १९६२ साली ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेल्या भारतीय संगणकासही आज्ञा कागदी फितीवरील छिद्रांतून दिल्या जात. आज त्या टंकित होतात, एवढाच फरक.

समजा, मुलास सातचा पाढा हवा आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉन या भाषेत हे काम दोन ओळींत होते. पहिली ओळ सांगते, ‘अमुकपासून अमुकपर्यंत एकेक संख्या घे’. दुसरी सांगते, ‘तिला सातने गुणून उत्तर दाखव.’ मग फाइल साठवून ती चालवावयाची.

पहिल्या खेपेस पुष्कळदा पाढ्याऐवजी तक्रारच उमटते. पहिल्या ओळीअखेरचे दोन टिंबांचे चिन्ह राहिलेले असते, किंवा दुसरी ओळ थोडी आत सरकवून लिहिलेली नसते. नवशिक्या येथे घाबरतो. वास्तविक ही चूक सौम्य होय. कारण कोणत्या ओळीवर अडले, हे यंत्रच सांगते.

खरी कसोटी पुढे आहे. मुलाने ‘१ ते १०’ अशी मर्यादा लिहिली, तर पाढा ६३ वरच थांबतो, आणि तक्रार मात्र काहीच नसते. त्या भाषेत शेवटचा आकडा धरला जात नाही. १० पर्यंत जावयाचे तर ११ लिहावे लागतात. मुलास पाढा पाठ असतो, म्हणून ७० गळाल्याचे त्याच्या ध्यानात येते. पण ३० दिवसांची मजुरी जुळविणाऱ्या आज्ञावलीत हीच चूक राहिली तर? महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा घाम हिशेबातून नाहीसा होईल, आणि कागदावरची बेरीज मात्र बिनचूक दिसेल.

म्हणून पहिली आज्ञावली अशाच गोष्टीची असावी, जिचे उत्तर शिकणाऱ्यास आधीच ठाऊक आहे. यंत्र सांगितलेले करते. मनातले ओळखीत नाही. उत्तर पडताळून पाहण्याचे काम माणसाकडेच राहते. पाठ केलेले पाढे म्हणूनच अजून वाया गेलेले नाहीत.