पल्ला मोठा की नजर तीक्ष्ण?

सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीला गेले म्हणजे मधुबन जलाशयाचे विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडते. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीवर उगम पावून दमणजवळ सागराला मिळणाऱ्या दमणगंगेचे हे अडवलेले पाणी. धरणाची भिंत गुजरातेत असली, तरी दादरा-नगरहवेलीतील बरीच जमीन या पाण्याखाली गेली आहे. अशा कोणत्याही जलाशयाच्या तळाशी शेतांचे बांध, घरांची जोती आणि झाडांचे बुंधे राहून जातात. जाळे टाकणाऱ्याच्या दृष्टीने हे बुंधे म्हणजे लपलेले शत्रूच. जाळे एकदा त्यांत अडकून फाटले, की घरच्या कित्येक दिवसांच्या कमाईवर पाणी पडते.

हा तळ होडीत बसून पाहता येईल काय? येतो, पण डोळ्यांनी नव्हे, कानांनी. होडीखाली बसवलेले यंत्र डावी-उजवीकडे ध्वनीचा पातळ, पंख्यासारखा झोत सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर एकेक ओळ रेखाटते. होडी पुढे सरकत जाते, तशा ओळी एकमेकींना जोडल्या जाऊन तळाचे चित्र तयार होते. समुद्रतळाच्या सर्वेक्षणासाठी शास्त्रज्ञ हे तंत्र फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. मासेमारीच्या लहान होड्यांसाठी ते २००५ साली हमिनबर्ड या अमेरिकन कंपनीने बाजारात आणले आणि ‘साइड इमेजिंग’ हे नाव रूढ झाले.

यंत्र घेणारा माणूस पहिली चूक करतो ती पल्ला ठरवताना. प्रत्येक बाजूस किती अंतरापर्यंत पाहायचे, हा तो पल्ला. पैसे मोजले आहेत, तर शक्य तितके दूरचे दिसू दे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दूरचे पाहण्याची किंमत स्पष्टतेने चुकवावी लागते. ती कशी, हे साध्या हिशेबाने कळते.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. पल्ला ३० मीटर ठेवला, तर जाऊन-येऊन ६० मीटरांना सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. म्हणजे यंत्राला सेकंदात फार तर २५ हाका देता येतात. पल्ला ९० मीटर केला, की पहिल्या हाकेचे उत्तर येईपर्यंत थांबणे भाग पडते आणि हाका जेमतेम आठ होतात. होडी ताशी सात किलोमीटर वेगाने चालली असेल, तर पहिल्या स्थितीत दर आठ सेंटिमीटरला एक ओळ उमटते, दुसऱ्या स्थितीत दर चोवीस सेंटिमीटरला.

पडद्याचेही तसेच. एका बाजूस ५०० ठिपके आहेत असे धरू. ३० मीटरच्या पल्ल्यात एक ठिपका सहा सेंटिमीटरांचा होतो, ९० मीटरच्या पल्ल्यात अठरा सेंटिमीटरांचा. एक फूट जाडीचा बुंधा पहिल्या चित्रात पाच ठिपके व्यापून उठून दिसेल. दुसऱ्यात दोन ठिपक्यांचा डाग होऊन दगडगोट्यांत हरवेल. शिवाय ध्वनीचा झोत दूर जाता जाता रुंदावतो. तो एक अंशाचा असला, तर ३० मीटरवर अर्धा मीटर रुंद असतो आणि ९० मीटरवर दीड मीटरहून अधिक. तेथे शेजारी उभे असलेले दोन बुंधे एकच भासतात.

मग पल्ला किती असावा? ते पाण्याच्या खोलीवरून ठरवावे. खोलीच्या तिप्पट-चौपट पल्ल्याने आरंभ करावा. दहा मीटर पाण्यात तीस-चाळीस मीटर. पल्ला फार वाढवला, तर दूरचा ध्वनी तळाला अगदी तिरपा घासून जातो आणि बरेचसे चित्र सावलीत बुडते. उलट पल्ला खोलीहून कमी ठेवला, तर पडद्यावर तळ येतच नाही. होडीच्या थेट खालच्या पाण्याचा जो काळा पट्टा मध्यभागी दिसतो, त्यानेच सारी जागा व्यापली जाते. यंत्रात कंपनसंख्या निवडण्याची सोय असेल, तर जवळच्या बारकाव्यांसाठी उच्च आणि लांबच्या पल्ल्यासाठी कमी निवडावी. उच्च कंपनसंख्येचा ध्वनी पाण्यात लवकर विरतो.

सावलीला मात्र निरुपयोगी समजू नये. वस्तूच्या पलीकडे ध्वनी पोहोचत नाही, म्हणून तेथे काळी सावली पडते आणि तिच्यावरून वस्तूची उंची काढता येते. खोली दहा मीटर आहे. सावली २० मीटरवर सुरू होऊन २५ मीटरवर संपते. सावलीच्या लांबीला, म्हणजे पाचाला, खोलीने गुणून पंचविसाने भागले, की उत्तर येते दोन मीटर. म्हणजे तेथे पुरुषभर उंचीचे खोड उभे आहे. जाळे दूर ठेवावे.

व्यवहारात दोन फेऱ्या कराव्यात. पहिली मोठ्या पल्ल्याने, संशयाच्या जागा हेरण्यासाठी. दुसरी लहान पल्ल्याने, सावकाश आणि सरळ रेषेत, त्या जागा नीट न्याहाळण्यासाठी. होडी वळत असताना उमटलेल्या चित्रावर विसंबू नये. ते ताणले किंवा आक्रसले जाते. बुडालेल्या माणसाचा शोध घेणारी पथकेही हे तंत्र वापरतात, आणि तेथे घाईने मोठा पल्ला लावणे म्हणजे शोधलेली जागा न शोधल्यासारखीच.

आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. पाणी भरण्यापूर्वीचा परिसर पाहिलेली वडीलधारी माणसे गावागावांत असतात. वाडी कोठे होती, विहीर कोठे, आंब्याची रांग कोणत्या बांधावर, हे त्यांना विचारून कागदावर उतरवून घ्यावे आणि मगच होडी पाण्यात लोटावी. कोठे लहान पल्ला लावायचा, हे तो कागदच सांगेल.