पणजोबांची पहिली रायफल: ग्वाल्हेरच्या शिकारकाळातली एक निवड

आमच्या मंडळाकडे जुन्या मराठी वाड्यांतून एक प्रश्न हमखास येतो: ‘घरात पणजोबांची रायफल आहे. इतकी जड, तीही दुनळी, त्यांनी का बरं घेतली असेल?’ ‘हौस, दुसरं काय!’ हे उत्तर सोपं आहे, पण अर्धंच. वाघ, अस्वल, सांबर अशा मोठ्या जनावरासाठी पहिली रायफल घेताना तीन गोष्टी पाहाव्या लागत: कायदा, खांदा आणि हाक्यातली माणसं.

कायद्याने ठरवलेलं माप

१८९८ मध्ये रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणलं. काळ्या दारूऐवजी त्यात कॉर्डाइट होतं. धूर कमी, जोर मात्र जबरदस्त. गोळी ४८० ग्रेन, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमची. ते हिंदुस्थानात लोकप्रिय होत असतानाच १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० मापावर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांची गोळीही .४५० चीच, शिकारीच्या नावाखाली आलेला माल बंडखोरांच्या हाती जाईल, ही धास्ती होती. मग विलायती कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी जवळपासची मापं पुढे केली. .३०३ सुद्धा फौजेचं माप, म्हणून खाजगी शिकाऱ्यांसाठी .३१५ रूढ झालं. तेव्हा नळीवर असा ‘विचित्र’ आकडा दिसला तर तो शिकाऱ्याचा लहरीपणा समजू नये. त्यामागे बहुतेक वेळा सरकारी हुकूम आहे.

दुनळी की मॅगझिन?

दुनळीचा मोठा गुण म्हणजे दुसरा बार तयार असतो. पहिला चुकला तर बोल्ट ओढत बसायला नको, फक्त दुसरा चाप. पण दोन्ही नळ्या एकाच जागी मारतील अशा जुळवणं हे हातकाम, आणि तेही एका ठरावीक काडतुसासाठी. म्हणून दुनळी महाग. दुसरंच काडतूस घातलं तर दोन गोळ्या दोन दिशांना जाणार.

मॅगझिन रायफल बरीच स्वस्त, आणि तिच्यात तीन-चार काडतुसं बसत. १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम आणली. तिची ३०० ग्रेनची गोळी सांबरापासून वाघापर्यंत चाले. एकच रायफल परवडणाऱ्याला ती सोयीची. जिम कॉर्बेटकडे दोन्ही प्रकार होते: हलकी .२७५ रिग्बी मॅगझिन आणि भारी .४५०/४०० दुनळी.

खांदा आणि हाका

नवख्याची गोची इथे होई. जड गोळीचा धक्काही जड. धक्क्याची भीती बसली की चाप ओढण्याआधीच डोळा मिटतो, नळी हलते आणि गोळी पोटात किंवा पायात बसते. मोठं माप घेऊन नेम चुकवण्यापेक्षा मध्यम माप घेऊन गोळी छातीत बसवणं केव्हाही बरं. दस्ता खांद्याला लांब पडतोय की आखूड, हेही मापापेक्षा आधी बघण्यासारखं.

याची किंमत मचाणावरचा माणूस क्वचितच देई. जखमी वाघ झुडपात शिरला की हाकेवाल्यांच्या जिवावर बेते. त्यांच्या हातात काठ्या, डबे, ढोल, रायफल नव्हे. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी १९२० मध्ये वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकच लिहिलं. शिकार हा संस्थानी कारभाराचा केवढा भाग होता, हे त्यावरूनच कळतं. पण फोटोत उमटतो तो पाय वाघावर ठेवलेला पाहुणा. हाकेवाला कडेला, बिननावाचा.

आज घरात रायफल असेल तर

शिकारीचं युग संपलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या रायफलींचं ते कामच उरलं नाही, आणि ते चांगलंच झालं. पण वारस परवाना बदलून घेत नाहीत, रायफल जमा होते, आणि तिच्याबरोबर माहितीही जाते.

म्हणून माझी विनंती आहे. परवाना चालू आहे ना, ते आधी बघा. रायफल स्वतः उघडू नका; परवानाधारक बंदूक-कारागिराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्या. मग तिचे फोटो काढा. नळीवर कारखानदाराचं नाव असतं, कधी कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या विक्रेत्यांचंही. दुनळीच्या नळ्यांखाली, दस्त्यापासून वेगळ्या केल्यावर, चाचणीचे शिक्के दिसतात. तिथे ‘कॉर्डाइट’ शब्दापुढे दोन आकडे असले तर पहिला दारूचं वजन, दुसरा गोळीचं, दोन्ही ग्रेनमध्ये. अनुक्रमांक जरूर टिपा. काही विलायती कारखान्यांच्या जुन्या वह्या अजून शाबूत आहेत, आणि रायफल कधी तयार झाली नि कुणी घेतली हे त्यांत सापडू शकतं.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच विचारा: हाक्याला कोणत्या गावची माणसं यायची? रायफलीचा इतिहास कारखान्याच्या वहीत मिळेल. त्या माणसांचा फक्त आठवणींत आहे.