दहा वर्षं, दोन सामने आणि एक हिशोब



१३,८२४ डॉलर. २०१८ च्या भावाने साधारण नऊ लाख रुपये. दहा वर्षं थांबून आंद्रे इंग्रम नावाच्या बास्केटबॉल खेळाडूला एनबीएचे दोन सामने खेळायला मिळाले, त्याचे एवढे पैसे झाले.

हा माणूस तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेला असेल. वय ३२, डोक्यात पांढरे केस, लेकर्सची जर्सी. १० एप्रिल २०१८, लॉस एंजेलिस, समोर ह्यूस्टन रॉकेट्स. पहिलाच सामना आणि पठ्ठ्याने १९ पॉइंट्स काढले. लांबून मारायचे पाच थ्री-पॉइंटर टाकले, त्यातले चार आत. लेकर्स १०५-९९ ने हरले, पण स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं. अशा व्हिडिओखाली एक ओळ ठरलेली असते: कष्टाचं फळ मिळतंच.

मला ती ओळ पटत नाही. त्याच लीगमध्ये तेवढेच कष्ट करून एकही एनबीए सामना न मिळालेले शेकडो खेळाडू आहेत. त्यांचे व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही. म्हणून आज त्या एका रात्रीबद्दल नाही, आधीच्या दहा वर्षांबद्दल बोलू. हा माणूस टिकला कसा? धंद्याच्या पाचव्या-सहाव्या वर्षात जे अडकलेत, ‘चालू ठेवू की बंद करू’ हा प्रश्न ज्यांना रोज पडतो, त्यांनी जरा नीट वाचा.

आधी मार्केट समजून घ्या. एनबीए म्हणजे मोठी कंपनी. २००१ मध्ये तिने खालची लीग काढली, डी-लीग. २०१७ मध्ये गेटोरेड स्पॉन्सर आला आणि नाव झालं जी लीग. खेळ तोच, नियम जवळपास तेच, पण पैशात जमीन-अस्मानाचा फरक. २०१७-१८ च्या सीझनला जी लीगच्या साध्या करारात पगाराच्या दोनच पायऱ्या होत्या, २६,००० आणि १९,००० डॉलर. त्याच वर्षी एनबीएमध्ये नवख्या खेळाडूचा किमान पगार होता ८,१५,६१५ डॉलर. आपल्या भोसरी-चाकणला जॉबवर्क करणारं वर्कशॉप डोळ्यासमोर आणा. पार्ट तोच बनतो, शेवटी त्याच गाडीत बसतो. पण कंपनीचा व्हेंडर कोड तुमच्याकडे नाही, मधल्या पार्टीकडे आहे. रेट तुमच्या हातात नाही.

इंग्रम मुळात फिजिक्सचा पदवीधर. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतून बाहेर पडला आणि २००७ मध्ये युटा फ्लॅश या डी-लीगच्या टीमने त्याला घेतलं. पुढे लॉस एंजेलिसच्या डी-फेंडर्समध्ये आला. हीच टीम नंतर साऊथ बे लेकर्स झाली. तिची मालकी लेकर्सकडेच, सरावाची इमारतही तीच. सीझन साधारण पाच महिन्यांचा, राहण्याची सोय टीमकडून. बाकीचे महिने? मुलांना गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. बायको, दोन मुली, घर चालवायचं होतं.

इथे थोडं थांबा. शिकवणी म्हटलं की आपण लगेच त्याला ‘संघर्ष’ म्हणतो. मी त्याला कॅशफ्लो म्हणतो. मुख्य धंदा वर्षातले पाच महिने पैसे देतो, तर उरलेले महिने कोण देणार, याचं उत्तर त्याच्याकडे होतं. फटाक्यांचा किंवा छत्र्यांचा धंदा करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आपल्यातले बरेच जण मात्र दुसरं काम करायला लाजतात, लोक काय म्हणतील म्हणून, आणि मग उधारीवर दिवस काढतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच्या मालाला आकडा होता. माल एकच: थ्री-पॉइंटर. एनबीएमध्ये शंभरातले साधारण ३६ आत जातात. खालच्या लीगमध्ये का होईना, इंग्रमचे अख्ख्या कारकिर्दीत साधारण ४६ गेले. २०१८ पर्यंत त्याच्या नावावर ७१३ थ्री-पॉइंटर होते, त्या लीगचा विक्रम. ‘माझा माल चांगला आहे’ असं तो मनात धरून बसला नव्हता. दर सामन्यानंतर ते कागदावर येत होतं. तुमचा माल चांगला आहे हे कोणता आकडा सांगतो? रिजेक्शन किती टक्के? जुनी पार्टी परत ऑर्डर देते का? ‘सगळे कौतुक करतात’ हा आकडा नव्हे, बरं का.

मग ४६ टक्केवाल्याला दहा वर्षं कोणी घेतलं का नाही? कारण एनबीएच्या टीमना खालच्या लीगमधून वीस-बावीस वर्षांची पोरं हवी असतात, पुढे वाढतील अशी. एकच काम अचूक करणारा तिशीतला माणूस त्यांच्या हिशोबात बसत नाही. खोट मालात नव्हती, गिऱ्हाईकाची गरज वेगळी होती. २०१८ ला लेकर्स प्लेऑफमधून बाहेर, खेळाडू जखमी, सीझनचे दोन सामने उरलेले. तेव्हा ती गरज निघाली, आणि माणूस त्यांच्याच इमारतीत सराव करत होता.

याच लीगमधले कितीतरी खेळाडू युरोपात, चीनमध्ये, फिलिपिन्सला जातात. पैसे जास्त मिळतात. इंग्रमही २०१६ ला ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन आला, टिकला नाही, परत आला. मोठ्या गिऱ्हाईकाच्या दारात कमी पैशात थांबायचं की लांबच्या बाजारात जाऊन बरं कमवायचं? तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यावर कर्ज असेल आणि दुसरी मिळकत नसेल, तर मी सरळ लांबच्या बाजारात जा म्हणेन. इंग्रमच्या मागे फिजिक्सची पदवी होती. तो थांबू शकत होता.

पुढचं व्हिडिओत येत नाही. दुसऱ्या सामन्यात ५ पॉइंट्स, सीझन संपला. पुढच्या वर्षी तो परत साऊथ बेलाच. मार्च २०१९ मध्ये लेकर्सने दहा दिवसांचा करार दिला, त्यात फारसं खेळायला मिळालं नाही. परत खाली. २०२० मध्ये जी लीगच्या खेळाडूंची स्वतःची युनियन झाली आणि तिचा अध्यक्ष झाला हाच इंग्रम. २०२२-२३ च्या सीझनला साधा पगार ४०,५०० डॉलरवर गेला होता. जॉबवर्कवाल्यांनी एकत्र बसून रेट मागायचा, हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

आता वही घ्या. तीन आकडे लिहा: मुख्य धंदा वर्षातले किती महिने घर चालवतो, बाकीच्या महिन्यांचे पैसे कुठून येतात, आणि तुमच्या मालाचा तो ४६ टक्क्यांसारखा आकडा कोणता. तिसरी ओळ कोरी राहिली तर तशीच राहू द्या, मनाने भरू नका. पुढच्या व्हिडिओत तो आकडा कसा काढायचा ते बघणार आहोत. वर्कशॉपसाठी, दुकानासाठी आणि घरगुती डब्याच्या धंद्यासाठी, तिन्हीचं उदाहरण घेऊन.