नवी गाडी की वापरलेली?

नव्या गाडीची किंमत सुरुवातीलाच झपाट्याने उतरते. विम्यासाठीच्या घसारा-तक्त्यात पहिल्या वर्षाअखेर १५, तिसऱ्या वर्षाअखेर ३० आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के घट धरतात. शिवाय आरटीओचा एकरकमी रस्ता कर पहिल्याच मालकाने भरलेला असतो. म्हणून तीन-चार वर्षे वापरलेली, नीट राखलेली गाडी खिशाला परवडते.

मात्र जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा जास्त असतो आणि वॉरंटी बहुधा संपत आलेली असते. सौदा ठरवण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवा. आरसी बुकावर बँकेचा बोजा, थकलेली ई-चलने आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी तपासा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, इथला करही भरावा लागतो. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० भरा आणि १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

गाडी दहा-बारा वर्षे ठेवायची असेल आणि रोजची धाव मोठी असेल, तर नवी घ्या. हात बसवायचा असेल किंवा गाडी फक्त सुट्टीच्या दिवशीच बाहेर निघणार असेल, तर जुनी पुरते.