जन्मापूर्वीचा वारसा

पेढीचा वारसा मुलाच्या हाती येण्यास वीस-पंचवीस वर्षे जातात. आरोग्याचा वारसा मात्र त्याला आईच्या उदरातच मिळू लागतो. रोगजंतूंना अटकाव करणारी रक्तातील प्रथिने, म्हणजेच प्रतिपिंडे, 5 प्रकारची असतात. नवा संसर्ग होताच प्रथम आयजीएम तयार होते. त्यामागून येणारे आयजीजी रक्तात सर्वाधिक असते व दीर्घकाळ टिकते. आयजीई कृमींचा प्रतिकार करते, पण ॲलर्जीसही तेच कारणीभूत ठरते. आयजीडी मुख्यतः प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर आढळते. पाचवे आयजीए आतडी व श्वसनमार्ग यांच्या अस्तराचे रक्षण करते.

यांपैकी केवळ आयजीजी वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. ही शिदोरी जन्मानंतर काही महिन्यांत सरते. आयजीए बाळाला मिळते ते आईच्या दुधातून, विशेषतः पहिल्या पिवळसर चिकातून. काही घरांत हा चीक जड समजून काढून टाकतात आणि बाळाला गूळपाणी चाटवितात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र जन्मानंतर 1 तासाच्या आत स्तनपान सुरू करण्याचा आहे.

अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचाच शब्द चालतो. त्यांनी चीक वाया जाऊ न देणे, हीच नातवंडाच्या नावे ठेवलेली पहिली ठेव होय.