गाडी स्वतः चमकवायची की डिटेलरला द्यायची? धंद्याचा हिशोब इथूनच सुरू होतो

थेरगावातला एक मुलगा मध्यंतरी भेटायला आला होता. चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला कॉन्ट्रॅक्टवर आहे. दोन लाख साठवलेत, डांगे चौकाच्या आसपास एक गाळा बघून ठेवलाय, कार डिटेलिंग सेंटर टाकायचंय. प्रश्न एकच: "सर, पॉलिशिंगचं कुठलं मशीन घेऊ?"

मी म्हटलं, मशीन नंतर. तुझी स्वतःची गाडी असती, तर यातलं काय तू घरी केलं असतंस आणि कशासाठी पैसे मोजले असतेस? तो गप्प बसला. पण गिऱ्हाईक दुकानात यायच्या आधी मनात हाच हिशोब करून येतं. तो आपण आधी केलेला बरा.

गाडीमालकाच्या बाजूने बघू. वॉशिंग आणि डिटेलिंग एक नाही. वॉशिंग म्हणजे धूळ-चिखल काढणं. डिटेलिंग म्हणजे रंगावर चिकटलेली घाण सोडवणं, बारीक ओरखडे पॉलिशने कमी करणं, वर वॅक्स किंवा कोटिंग चढवणं आणि आतल्या सीट-कार्पेटची खोल सफाई. यातलं धुणं, आतून व्हॅक्यूम मारणं, काचा, डॅशबोर्ड, टायर हे कुणालाही घरी जमतं. दोन बादल्या (एक शॅम्पूची, एक कापड खंगाळायची), पीएच न्यूट्रल कार शॅम्पू, पाच-सहा मायक्रोफायबर कापडं, बस. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्सचा थर काढून टाकतो. उन्हात धुऊ नका, पाणी जागेवर सुकून डाग पडतात.

आपल्याकडे गाडीचा रंग सगळ्यात जास्त खराब कशाने होतो, माहितीये? कोरड्या पुसण्याने. वाकड, पुनावळे, ताथवडे, जिकडे बघाल तिकडे बांधकाम. रात्रभर सिमेंटची आणि मातीची बारीक धूळ गाडीवर बसते, आणि सकाळी त्यावर कोरडं फडकं फिरतं. ते फडकं नसतं, पॉलिश पेपर असतो. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या दादांचा यात दोष नाही. एका बादलीत वीस गाड्या करायला लावल्यावर दुसरं काय होणार? उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते असे येतात.

हे ओरखडे काढायचं काम मात्र घरी करू नका. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो बहुतेक गाड्यांवर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणं म्हणजे त्यातलाच थोडा भाग घासून सपाट करणं. रोटरी मशीन कडेवर जरा जास्त वेळ टेकलं की थर गेला. गेलेला थर परत येत नाही, पॅनल पुन्हा रंगवावं लागतं. व्हिडिओ बघून शिकता येतं, नाही असं नाही. पण मशीन, पॅड, कंपाउंड असे आठ-दहा हजार खर्च करून वर्षातून एकदा वापरणार असाल तर त्या पैशात चांगला डिटेलर मिळतो, आणि चूक झाली तर जबाबदारी त्याची.

मधला प्रकार सगळ्यात मजेशीर आहे: करता येतं, पण इथे करणं परवडत नाही. पहिलं कारण पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केलं. पवनेच्या काठी राहून आपली ही गत. नळी सोडून गाडी धुतली तर शंभर-दीडशे लिटर सहज जातं, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं ते वेगळं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरलं तर ते जड असतं. सुकलं की काचेवर पांढरे ठिपके, आणि बरेच दिवस राहिले तर नुसत्या शॅम्पूने निघत नाहीत. म्हणून बोअरच्या पाण्याने धुतलीत तर लगेच कोरडी करा.

दुसरं म्हणजे सीटची ओली सफाई. फेस लावून घासणं सोपं आहे. फोममध्ये मुरलेलं पाणी बाहेर ओढायला एक्स्ट्रॅक्टर किंवा ताकदवान वेट व्हॅक्यूम लागतो. तो नसेल आणि दिवस जुलैचे असतील, तर सीट दोन दिवस वाळत नाही आणि आठवडाभर गाडीत कुबट वास. स्वतःची गाडी असेल तर नाक मुरडून बसाल. पण हिंजवडीला कंपनीची कॅब लावलेली असेल, तर तेवढ्या ट्रिप गेल्या. अशा मालकाला मी सांगतो: रोजचं धुणं रिकाम्या वेळात तुम्हीच करा, तुमचा तो वेळ तसाही फुकट जातोय. सीटचं काम बाहेर द्या, संध्याकाळी गाडी कोरडी हातात पाहिजे असं ठरवून द्या.

आणि बाहेर दिलंत तरी डोळे उघडे ठेवा. रंगाची जाडी मोजायचं गेज आहे का, विचारा. आधी एका छोट्या भागावर करून दाखवतो का, बघा. सिरॅमिक कोटिंगवर "९एच" लिहिलेलं असतं. तो पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे, हिऱ्याच्या कडकपणाचा नाही. कोटिंगने पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते. हायवेवरचा खडा लागला तर टवका उडणारच. "ओरखडाच पडणार नाही" असं सांगणाऱ्याकडून परत फिरा.

आता त्या मुलाकडे येऊ. हा सगळा हिशोब झाल्यावर त्याला म्हटलं, वॉशिंगच्या नादी लागलास तर तुझी स्पर्धा बादलीशी आणि गाडी पुसणाऱ्या दादांशी आहे. तिथे भाव वाढत नाही. तुझा माल म्हणजे जिथे लोक हात लावायला घाबरतात ते काम.

आणि गंमत बघा, ते काम त्याला येतं! कारखान्यात रंग झाल्यावर एखादा धुळीचा कण अडकला तर बारीक पेपर मारून, कंपाउंडने बफिंग करून तो भाग सारखा करतात. हा दिवसभर तेच करतो. त्याच्या लेखी ते "रिवर्क", कमी दर्जाचं काम. गिऱ्हाईक यालाच "पेंट करेक्शन" म्हणतं आणि पैसे मोजतं.

मग कागदावर आकडे मांडले. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले घाला. पेंट करेक्शनचे ८,००० घेतले, मटेरियल १,५०० गेलं, हातात ६,५००. गाळ्याचं भाडं २०,०००, मदतनीस १५,०००, लाईट-पाणी ५,०००, म्हणजे महिन्याला ४०,००० ठरलेला खर्च. सहा गाड्यांचे ३९,००० येतात, म्हणजे सहावी गाडी झाली तरी खिशात काही नाही. कमाई सातव्या गाडीपासून. एका गाडीला दोन दिवस धरले तर २६ दिवसांत जास्तीत जास्त तेरा गाड्या. तेवढ्या मिळाल्या तर ४४,५०० उरतात, नवीन माणसाला त्या पहिल्याच महिन्यात मिळत नाहीत. दोन लाखांपैकी एक लाख डिपॉझिटला, साठेक हजार मशीन, दिवे आणि व्हॅक्यूमला गेले, तर उरले ४०,०००. बरोब्बर एका महिन्याचा खर्च. एक महिना गिऱ्हाईक आलं नाही की खेळ खलास.

हे बघून त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, धंदा वाईट नाही रे, गाळा लवकर येतोय.

मग असं ठरवलं: नोकरी चालू. गेज, ड्युअल ॲक्शन पॉलिशर (रोटरीपेक्षा रंग जळायची भीती कमी), चांगला हातातला दिवा, एवढंच घ्यायचं. ओळखीच्यांच्या गाड्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्याच पार्किंगमध्ये, सोसायटीची परवानगी घेऊन. एका दिवसात पूर्ण गाडी होत नसेल तर नुसतं बोनेट आणि पुढचे दरवाजे. प्रत्येक गाडीचे आधीचे-नंतरचे फोटो एकाच उजेडात, आणि गेजचे आकडे वहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे द्यायचे नाहीत. गाळ्याचा विचार लागोपाठ तीन महिने सात गाड्या झाल्यावर.

परवा त्याचा फोन आला. पहिल्या महिन्यात चार गाड्या झाल्या, त्यातल्या दोन फुकट, घरच्यांच्या. उरलेल्या दोघांपैकी एकाने आपल्या भावाची गाडी पाठवलीये. गाळेवाला मात्र रोज विचारतोय, डिपॉझिट कधी देताय म्हणून. अजून दिलेलं नाही.